पाणी आलं नाही, तर जायचं कुणाच्या दारात? बेळगाव सीमाभागासाठी एक वाटाड्या

आमची शेती निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठावर. मावशी बेळगावात शहापूरला राहते. धाकटी बहीण गोकाककडं कालव्याच्या गावात दिली आहे. उन्हाळ्यात तिघांचे फोन एकाच सुरात येतात, "पाणी नाही." पण तिन्ही पाण्यांचे धनी वेगळे, कायदे वेगळे आणि अर्ज द्यायची दारंही वेगळी. हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि चपलांचे दोन जोड झिजले. एकदा तर गल्लीतल्या नळाच्या तक्रारीसाठी तीन आठवडे एका कार्यालयात खेटे घातले. शेवटी तिथल्या शिपायानंच हळूच सांगितलं, "साहेब, तुमची लाइन आमची नाहीच की."

तेव्हापासून मी एकच पद्धत धरली आहे. पाणी जिथं मिळायला हवं तिथून उलटं, उगमाकडं चालत जायचं. वाटेत ते एका खात्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, त्या जागा कागदावर मांडायच्या. बिघाड बहुतेक वेळा अशाच एखाद्या जागी असतो.

आधी आपलं पाणी कुठल्या नदीचं

चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग हा पट्टा कृष्णेचा आणि तिला मिळणाऱ्या दूधगंगा-वेदगंगेचा. हुक्केरी, गोकाक, मुडलगी घटप्रभेवर जगतात. संकेश्वरला हिरण्यकेशी आहे, ती पुढं घटप्रभेलाच मिळते. बेळगाव शहराच्या पश्चिमेला मार्कंडेय वाहते. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि सौंदत्तीला नविलुतीर्थ धरणात अडते.

आता या नद्यांचा माथा बघा. दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव, कृष्णेच्या वर कोयना, ही सगळी धरणं महाराष्ट्रात. शहराला पाणी देणारा राकसकोप जलाशय बेळगाव तालुक्यात खरा, पण त्याचं पाणी मागं चंदगड तालुक्यातल्या तुडयेपर्यंत पसरतं. म्हणजे आपलं पाणी पडतं एका राज्यात, अडतं कधी त्याच तर कधी दुसऱ्या राज्यात, आणि बिल येतं कन्नडमध्ये. एप्रिल-मे मध्ये कृष्णा कोरडी पडली की कर्नाटक सरकार महाराष्ट्राकडं कोयनेतून पाणी सोडायची विनंती करतं. ते पाणी शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडून आपल्याकडं येतं. हा व्यवहार मंत्रालयाच्या पातळीवरचा आहे, त्यासाठी तहसीलदाराला निवेदन देऊन एक दिवससुद्धा वाचत नाही. आमदाराला गाठा, तेही नदी कोरडी पडायच्या आधी.

दोन आकडे तोंडपाठ ठेवा, म्हणजे बातमी वाचताना फसगत होत नाही. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची क्षमता 51 टीएमसी आणि नविलुतीर्थची सुमारे 37.7. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात एवढा गदारोळ झाला, पण पाणीवाटप लवादानं 2018 च्या निवाड्यात कळसा आणि भांडुरा या तिच्या दोन नाल्यांचं मिळून मलप्रभेत वळवायला दिलेलं पाणी आहे 3.9 टीएमसी. हिडकलच्या तुलनेत ते किती, हे तुम्हीच बघा.

शहरात राहत असाल तर

बेळगावच्या नळाला दोन जलाशयांतून पाणी येतं. राकसकोपचं पाणी हिंडलगा पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मीटेकडीच्या शुद्धीकरण केंद्राकडं चढतं. हिडकलचं पाणी तुम्मरगुद्दीमार्गे बसवनकोळ्ळला येतं. राकसकोपची पूर्ण पातळी 2,475 फूट, हिडकलची 2,175 फूट. शहर राकसकोपच्याच उंचीच्या आसपास आहे. म्हणजे हिडकलचा प्रत्येक थेंब विजेवर तीनशे फूट वर चढवावा लागतो. म्हणून हेस्कॉम या वीज कंपनीनं दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली, की दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. धरण तुडुंब भरलेलं असतानाही असं का होतं, असं मावशी दरवर्षी विचारते. उत्तर धरणात नाही, पंपात आहे.

आता क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा आपल्या भागाला कुठलं पाणी येतं ते शोधा. व्हॉल्व्हमनला विचारा, त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पाणी येण्याचे वार आणि वेळ घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. "आठ दिवस पाणी नाही" या वाक्याला कार्यालयात वजन नसतं, तारखांच्या यादीला असतं.

दुसरं, आपण कुणाच्या हद्दीत आहोत ते बघा. महापालिकेची हद्द, कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द आणि हिंडलगा, सुळग्यासारख्या ग्रामपंचायतींची हद्द एकमेकींना इतक्या खेटून आहेत की रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे कारभार असतात. बिलावर कुणाचं नाव आहे, तो तुमचा धनी. पूर्वी शहराचा पुरवठा राज्याच्या नागरी पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळाकडं होता. 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं शहरातल्या दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि तिथून देखभाल खासगी ठेकेदाराकडं देण्याची पद्धत आली. म्हणून जुन्या पावत्यांवरचं नाव आणि आजच्या बिलावरचं नाव जुळेलच असं नाही. ताजं बिल हातात घेऊनच घराबाहेर पडा.

तिसरं, बिघाड मीटरच्या अलीकडं आहे की पलीकडं, ते ठरवा. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा. काटा फिरत असेल तर गळती तुमच्या घरात आहे, तिथं प्लंबर बोलवा. काटा थांबलेला असूनही शेजाऱ्याकडं पाणी आणि तुमच्याकडं नाही, तर रस्त्यातून घरापर्यंत येणारी जोडणी तपासायला सांगा. पूर्ण गल्ली कोरडी असेल तर व्हॉल्व्ह. सगळं उपनगर कोरडं असेल तर पंप, वीज किंवा फुटलेली मोठी जलवाहिनी. या शेवटच्या प्रकारात एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा नगरसेवकाला फोन करणं बरं.

चौथं, नवी जोडणी किंवा नावबदल हवा असेल तर अर्ज देताना सकाल योजनेचा पंधरा अंकी पोच क्रमांक मागून घ्या. कर्नाटकात सकाल कायद्याखाली येणाऱ्या सेवा ठरलेल्या दिवसांत द्याव्या लागतात. क्रमांक नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

जाता जाता एक सांगतो. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, एक विहीर खोदली होती. ती काँग्रेस विहीर म्हणून आजही आहे. शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतही जुन्या विहिरी आहेत. तुमच्या गल्लीत अशी विहीर असेल तर कचराकुंडी होऊ देऊ नका. पंप दोन दिवस बंद पडला, की वापरायचं पाणी तिथूनच येतं.

खेड्यात असाल तर

इथं धनी ग्रामपंचायत. पण पंचायत फक्त शेवटच्या टाकीपासून नळापर्यंतची. गावची स्वतःची बोअर किंवा विहीर असेल तर वरपासून खालपर्यंत जबाबदारी पंचायतीची, म्हणजे पीडीओची (पंचायत विकास अधिकाऱ्याची). बहुग्राम योजना असेल, म्हणजे नदीवरच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) दहा-वीस गावांना एकाच जलवाहिनीनं पाणी, तर गावच्या टाकीपर्यंतचं काम ग्रामीण पेयजल विभागाचं आणि त्याच्या ठेकेदाराचं. सरपंचांशी भांडण्याआधी टाकीवर चढून बघा. टाकी भरलेली असून नळ कोरडा, तर पंचायतीत जा. टाकीच रिकामी, तर तालुक्याला.

2019 च्या 15 ऑगस्टला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर असं आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या साधारण अठरा घागरी. आपल्याकडं किती मिळतं ते आठवडाभर घागरींत मोजा. हे मोजमाप ग्रामसभेत मांडलं आणि ठरावाच्या वहीत उतरवून घेतलं, की त्याला किंमत येते. योजनेत गावपातळीवर पाणी व स्वच्छता समिती असते. तिची बैठक कधी झाली आणि सह्या कुणाकुणाच्या आहेत, हे विचारा. बऱ्याच गावांत सभासदांनाच आपण सभासद असल्याचं ठाऊक नसतं.

बिल भरलेलं ठेवा. तुम्ही थकबाकीदार असाल तर तक्रारीच्या पहिल्याच मिनिटाला वही उघडली जाते आणि बोलणं तिथंच संपतं.

पिण्याच्या पाण्याची चव बदलली, भांड्यांवर पांढरा थर बसू लागला, तर पंचायतीकडं असलेल्या तपासणी किटनं पाणी तपासून मागा. भारतीय मानकाप्रमाणं विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट 45 च्या पुढं जाता कामा नये. उसाच्या शेताला लागून असलेल्या विहिरींत हा आकडा आवर्जून बघा, तिथं युरिया उतरतो.

नदीकाठची शेती: बंधारा, मोटर आणि बरगे

हा भाग मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा सैल हातानं लिहितो.

दूधगंगा-वेदगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांवरूनच रस्ता जातो. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड आणि कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर ही नावं पावसाळ्यात बातमीत येतात ती पाण्याखाली गेल्यामुळं. आम्हाला ती आठवतात बरग्यांमुळं, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांमुळं. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायचे. घालायला उशीर झाला तर नदीचं शेवटचं चांगलं पाणी वाहून जातं. काढायला उशीर झाला तर पहिल्याच पुराला मागं गाळ बसतो आणि काठ तुटतो. बरग्यांचं रबर झिजलं असेल तर बंधारा भरलेला दिसतो, पण पंधरा दिवसांत गळून जातो.

म्हणून दसऱ्याच्या आधी काठच्या चार-पाच शेतकऱ्यांनी बंधाऱ्यावर एक फेरी मारावी. बरगे मोजावेत. किती कुजलेत, किती चोरीला गेलेत हे लिहावं, फोटो काढावेत. मग तो कागद लघुपाटबंधारे खात्याच्या उपविभागात द्यावा. कन्नडमध्ये या खात्याचं नाव 'सण्ण नीरावरी'. नीरावरी म्हणजे पाटबंधारे. मोठ्या प्रकल्पांचं काम 'नीरावरी निगम', म्हणजे महामंडळ, बघतं. 40 हेक्टरपेक्षा लहान भिजक्षेत्राचे तलाव पंचायतीकडं, 40 ते 2,000 हेक्टर सण्ण नीरावरीकडं, त्याच्या वरचे निगमकडं, अशी ढोबळ वाटणी आहे. बंधाऱ्याचं दुसरं टोक महाराष्ट्राच्या हद्दीत असेल तर निवेदनाची एक प्रत पलीकडच्या पाटबंधारे शाखेलाही द्या. पलीकडचे पाव्हणे आपले असले तरी त्यांचं खातं आपलं नव्हे.

मोटर बसवताना नदीतून उपशाची परवानगी आणि हेस्कॉमची जोडणी ही दोन वेगळी कामं आहेत. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. पलीकडं महाराष्ट्रात ही मर्यादा साडेसात. दोन्हीकडचे नियम व्हॉट्सॲपवर एकमेकांत मिसळून फिरत असतात. महाराष्ट्राच्या पाणीपट्टीचा, तिथल्या माफीचा किंवा तिथल्या पाणीवापर संस्थांच्या कायद्याचा मजकूर आला तर तो निपाणी-चिकोडीला लागू नाही, एवढं लक्षात असू द्या. आपल्याला 1965 चा कर्नाटक सिंचन कायदा.

सामाईक उपसा योजनेत असाल तर पाळीची वही बघायचा तुम्हाला हक्क आहे. वीज रात्रीची असेल तर पाळी रात्रीच येणार. दारं धरायला दोघं जा. स्टार्टरच्या पेटीला ओल्या हातानं हात लावू नका. आमच्या शिवारात या एका चुकीनं दोन घरं उघडी पडली आहेत.

पुराचं तंत्र 2019 नं शिकवलं. काळम्मावाडीतून विसर्ग वाढल्याची आणि राजापूरची पातळी चढल्याची बातमी एकाच दिवशी आली, की मोटर काढायची, सकाळची वाट बघायची नाही. काढण्याआधी मोटर, पाइप, पेटी यांचे फोटो काढा. त्यात सर्व्हे नंबरचा दगड किंवा ओळखीचं झाड दिसू द्या. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा पाणी ओसरलेलं असेल आणि काठ सपाट झालेला असेल.

कालव्याचं पाणी

घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा 1897 मधला. डावा कालवा तिथूनच निघतो. हिडकल धरण 1970 च्या दशकात उभं राहिलं, उजवा कालवा त्याचा. बहिणीचं गाव डाव्या कालव्याच्या एका चारीच्या, म्हणजे छोट्या फाट्याच्या, शेवटाला. शेवटाला असणं म्हणजे काय, ते वरच्या गावातल्या माणसाला सांगून कळत नाही.

कालवा कधी सोडायचा हे नीरावरी सल्लागार समिती ठरवते. धरणात किती पाणी आहे आणि त्यातलं पिण्यासाठी किती राखायचं, यावर पाळ्या ठरतात. बैठकीची तारीख पेपरात येते. तिच्या आधी आठ दिवस आपल्या चारीचं म्हणणं आमदारापर्यंत किंवा पाणी वापरणाऱ्या सहकारी संघापर्यंत गेलं पाहिजे. निर्णय झाल्यावर धरलेला मोर्चा फोटोपुरता.

शेवटच्या शेतकऱ्यानं करायची कामं अशी. पाणी सुटायच्या आधी चारी पायी चालत वर जा. कुठं गवत वाढलंय, कुठं अस्तर फुटलंय, कुठं कुणी विनापरवाना पाइप टाकलाय, याचा साधा नकाशा काढा. गाळ उपसायचं काम पाणी आल्यावर होत नसतं. मग पाणी सुटलं की चारीच्या तोंडाशी किती येतं आणि आपल्या शेताच्या बाऱ्याशी (पाणी आत घ्यायच्या तोंडाशी) किती पोचतं, हे एकाच दिवशी बघा.

इथं मघाचा आकडा कामाला येतो. एक क्युसेक पाणी तासाभरात सुमारे एक लाख लिटर होतं, म्हणजे एका एकरावर एक इंच. एका एकराला तीन इंच द्यायचं तर पूर्ण क्युसेक तीन तास हवा. तुमच्या पाळीला सहा तास मिळूनही एकर भिजत नसेल, तर पाणी वाटेत कुठं तरी मुरतंय किंवा वळवलं जातंय. "पाणी कमी येतं" असं म्हणण्यापेक्षा "सहा तासांत अर्धा एकर भिजला" असं म्हणा. सेक्शन ऑफिसरला या वाक्याचं उत्तर द्यावं लागतं.

वरचे गाववाले फळी उघडतात, ही तक्रार जुनी. पोलिसांत जाण्याआधी संघाच्या बैठकीत पाळीपत्रक भिंतीवर चिकटवायला लावा. बहिणीच्या गावात एवढ्यानंच निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं अजून चालू आहे.

अर्ज कसा लिहायचा

राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, म्हणून मराठीत अर्ज द्या. पण काम लवकर व्हायचं असेल तर सोबत कन्नड प्रतही जोडा. हक्क सोडायचा नाही आणि अडूनही बसायचं नाही, असं माझं मत. काही मंडळींना ते पटणार नाही. कागद वाचताना चार शब्द ओळखता आले पाहिजेत: 'कुडियुव नीरु' म्हणजे पिण्याचं पाणी, 'नीरु सरबराजु' म्हणजे पाणीपुरवठा, 'कालुवे' म्हणजे कालवा, 'केरे' म्हणजे तलाव.

मजकूर एवढाच पुरे:

"आमच्या गल्लीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणी आलेलं नाही. पाणी आल्याच्या तारखांची यादी सोबत आहे. टाकी भरलेली असून टाकीपासून गल्लीपर्यंतचा व्हॉल्व्ह नादुरुस्त असल्याचं दिसतं. आमचा जोडणी क्रमांक अमुक. बिल भरल्याची पावती जोडली आहे. कृपया पाहणी करून दुरुस्ती कधी होईल ते लेखी कळवावं."

एका अर्जात एकच तक्रार. रस्ता, गटार, दिवे त्यात घालू नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर त्याच पोचेच्या आधारे वरच्या अधिकाऱ्याला लिहा. राज्य सरकारच्या 1902 या जनस्पंदन क्रमांकावरही नोंद करता येते. माहितीच्या अधिकारात विचारायचं असेल तर कर्नाटकात शुल्क 10 रुपये, आणि नियम कडक आहे: अर्जात एकच विषय, शब्द 150 च्या आत. लांबण लावली तर अर्ज परत येतो.

पुरानंतर विहीर वापरायची असेल तर

गढूळ पाणी मोटर लावून शक्य तितकं उपसा. नवं पाणी जमल्यावर विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासानं गुणा, त्याला खोलीनं, मग 785 नं. आलं ते लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28,260 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथं सत्तर ग्रॅम. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, खालचा चुना टाकून द्या आणि वरचं निवळ पाणी दोरीच्या बादलीनं विहिरीत खालीवर करत मिसळा. तासभर हात लावू नका. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते. नाकाला झणका बसत नसेल तर दुकानदाराला परत करा.